पिवळ्या खोक्याच्या अलीकडे-पलीकडे

अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. तर्जनी गेली तर १४, मधलं बोट गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर ४०. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. पुढे दुरुस्त होत गेलेल्या त्याच्या परिशिष्टात हे आकडे असे ओळीने छापलेले असत. पॉवर प्रेसखाली हात सापडलेल्या माणसाची कमाईची ताकद किती घटली, ते या तक्त्यावरून ठरे आणि त्या हिशेबाने रक्कम त्याच्या पदरात पडे. जखम भरल्यावर तो कामावर परत कसा येणार, कोणत्या मशीनवर बसणार, याबद्दल मात्र त्यात चकार शब्द नव्हता. त्या न छापलेल्या ओळी पुढच्या काळात मुंबईच्या उपनगरांत कोणी आणि कशा लिहिल्या, त्याची ही हकिगत.

१९५० साली मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला जाऊन टेकली. गिरणगावात जागा उरली नव्हती, त्यामुळे नवे कारखाने या नव्या हद्दीत आले. विक्रोळीला गोदरेज, पवईला लार्सन अँड टुब्रो, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन, कांदिवलीला महिंद्र आणि मग मरोळची औद्योगिक वसाहत. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडवर पाळी सुटताना सायकलींची रांग लागायची. या कारखान्यांचं काम गिरण्यांपेक्षा वेगळं होतं. सुटे भाग जोडणं, भोकं पाडणं, तपासणं, मोजून डब्यात भरणं, लेबल लावणं. यातली बरीच कामं एका जागी बसून हाताने करायची होती. ती करायला डोळे लागतातच का, असा प्रश्न तेव्हा मुंबईत काही माणसं विचारत होती.

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'नॅब', १९ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत स्थापन झाली. त्याआधी अंधांसाठी शाळा होत्या. दादरची अंध मुलींची शाळा १९०० पासूनची, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ ची. पण शाळा संपली की पुढे काय, याचं उत्तर वेताच्या खुर्च्या विणणं, मेणबत्त्या करणं किंवा पेटी वाजवणं याच्या पलीकडे फारसं जात नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाने चित्र थोडं बदललं. लढाईत डोळे गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचं केंद्र निघालं. त्यामागचे सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला दृष्टी गेलेले. अंध माणूस कारखान्यात काम करू शकतो हे युद्धकाळात इंग्लंड-अमेरिकेत सिद्ध झालेलं होतं, कारण तिथे तेव्हा माणसंच कमी पडत होती. मुंबईत माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. फाटकाबाहेर डोळस, धडधाकट बदलीवाले उभे असताना अंध माणसाला आत घ्या, असं मालकाला पटवायचं होतं. म्हणूनच इथल्या कामाचं मोल मला जास्त वाटतं.

नॅबने पहिल्या काही वर्षांतच नोकरी मिळवून देण्याचं काम हाती घेतलं. कॅप्टन एच. जे. एम. देसाई यांच्यासारखे स्वतः दृष्टिहीन असलेले कार्यकर्ते त्यात पुढे होते. या पेशाची एक ठरलेली रीत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. नोकरी लावून देणारा अधिकारी आधी कारखान्यात जाऊन काम बघतो. एखादी ड्रिल मशीन घ्या. तुकडा डाव्या हाताने साच्यात बसवायचा, उजव्या हाताने दांडा खाली ओढायचा, भोक पडलं की तुकडा काढून ट्रेमध्ये टाकायचा. यात नजर कुठे लागते? तुकडा सरळ बसला की नाही हे बघायला. मग साचाच असा केला की तुकडा एकाच बाजूने आत जाईल, उलटा घातला तर बसणारच नाही, तर नजरेची गरज संपली. बोटं पात्यापाशी जाऊ नयेत म्हणून पुढे लोखंडी गार्ड. भोक किती खोल जावं यासाठी दांड्याला अडकण. हे दोन-तीन बदल ठरले की तो अधिकारी स्वतः मशीनवर उभा राहून फोरमनसमोर काम करून दाखवतो. तोच अंध असला तर फोरमनची शंका तिथेच मिटते. डोळस असला तर डोळे बांधून करतो. त्यानंतर नवा कामगार येतो, आणि त्याला आधी मशीन शिकवलंच जात नाही. आधी फाटकापासून मशीनपर्यंतची वाट. कितवा खांब, कोणत्या बाजूला भिंत, पाण्याचा नळ कुठे, संडास कुठे, कँटीनमध्ये रांग कुठून सुरू होते. शेजारच्या मशीनवाल्याला एवढंच सांगायचं की वाटेत ट्रॉली सोडू नकोस.

पुढच्या सगळ्या गोष्टी या एका रीतीशी ताडून बघाव्यात, असं माझं मत आहे. कामाची बारकाईने उकल झाली, थोडा बदल झाला, कुणीतरी काम करून दाखवलं आणि फाटकापासूनची वाटही शिकवली, तिथे माणूस टिकला. यातलं काही गळलं तिथे तो टिकला नाही.

ज्यांना नेहमीच्या कारखान्यात जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी नॅबने स्वतःच्या कार्यशाळा काढल्या. जोगेश्वरी पश्चिमेला, स्वामी विवेकानंद रोडवरचं एम. एन. बनाजी इंडस्ट्रियल होम फॉर द ब्लाइंड त्यांतलंच. काम, पगार आणि राहायची सोय तिथे एकाच आवारात होती. अशा आश्रित कार्यशाळांवर पुढे जगभर टीका झाली, की त्या अपंगांना समाजापासून बाजूला काढतात. टीका बरोबर आहे. पण गावाकडून मुंबईत आलेल्या, नात्याचं कुणी नसलेल्या अंध तरुणाला त्या काळात जोगेश्वरीत खाट आणि हाताला काम मिळणं ही लहान गोष्ट नव्हती, हेही तितकंच खरं.

मालकांच्या बाजूने एक नाव घ्यायलाच हवं. विजय मर्चंट यांना महाराष्ट्र फलंदाज म्हणून आणि विविध भारतीवरच्या रविवारच्या क्रिकेट कार्यक्रमातला आवाज म्हणून ओळखतो. ते हिंदुस्थान मिलचे मालकही होते, आणि आपल्या गिरणीत त्यांनी अपंगांना नोकऱ्या दिल्या. पुढे नॅबच्या कामातही ते होते. क्रिकेटचा मोठा माणूस जेव्हा दुसऱ्या मालकाला म्हणतो की माझ्या गिरणीत हे जमलं, तेव्हा त्याचा उपयोग शंभर निवेदनांपेक्षा जास्त होतो.

सरकारही हळूहळू पुढे येत होतं. हाजी अलीला १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. अपंगांसाठी स्वतंत्र सेवायोजन कार्यालय, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायची जागा, देशात पहिल्यांदा मुंबईत निघालं, १९५९ साली. १९६८ मध्ये शीव-चुनाभट्टीला व्यवसाय पुनर्वसन केंद्र आलं. १९७७ मध्ये केंद्र सरकारच्या क आणि ड वर्गाच्या जागांत तीन टक्के आरक्षण आलं. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष, आणि १९८३ मध्ये वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कागदावर ही यादी भरगच्च दिसते. पण नाव नोंदवून वर्षानुवर्षं कॉलची वाट बघणारे त्याहून कितीतरी जास्त होते.

त्यात एक पूर्ण पिढी पोलिओची होती. साठ आणि सत्तरच्या दशकांत घराघरांत एखादं मूल तापाने फणफणायचं आणि ताप उतरल्यावर एक पाय उचलायचं नाही. ही मुलं शिकली, मॅट्रिक झाली, काहींनी टायपिंगच्या परीक्षाही दिल्या, आणि ऐंशीच्या दशकात नोकरीच्या वयाला आली. नेमक्या त्याच वेळी टेलिफोनची लाट आली.

१९८४ मध्ये देशी टेलिफोन यंत्रणा बनवणारी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. १ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्लीचे फोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. घरच्या फोनसाठी नंबर लागायला वर्षं लागत होती, म्हणून सी-डॉटमागच्या सॅम पित्रोदांचा आग्रह होता की फोन प्रत्येकाच्या घरात नसला तरी प्रत्येकाच्या पल्ल्यात असावा. रस्त्यावर माणूस बसवलेला फोन, शेजारी मीटर, मीटरमधून निघणारी पावती. हे सार्वजनिक फोन, म्हणजे पीसीओ, देताना टेलिफोन खात्याच्या धोरणात अपंगांना प्राधान्य होतं, आणि मुंबईत पालिकेच्या परवानगीने फुटपाथवर त्यांचे स्टॉल उभे राहू लागले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोणत्याही स्टेशनाबाहेर बघावं तर पिवळ्या रंगाचा खोका, त्यावर 'एसटीडी आयएसडी पीसीओ' आणि बाजूला टेकवलेल्या कुबड्या किंवा उभी केलेली तीनचाकी.

त्या खोक्याचं आतून वर्णन करायला हवं, कारण आता तो कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. आत एक माणूस जेमतेम बसेल एवढीच जागा. फळीवर फोन, मीटर, चिल्लरचा डबा आणि दोऱ्याने बांधलेली डायरी. बसणारा एकदा आत सरकला की दुकान बंद करेपर्यंत उठायचा नाही, कारण उठणं हाच मोठा खटाटोप. रात्री अकरानंतर बाहेरगावच्या कॉलचा दर पाव व्हायचा. साकीनाक्याला, असल्फ्याला, दहिसरच्या वस्त्यांत खोल्या करून राहणारी माणसं तेवढ्यासाठी जागायची. अकराला पाच मिनिटं कमी असताना रांग लागलेली असायची आणि खोक्यातल्या माणसाला घड्याळाकडे बघत ती थोपवून धरावी लागायची. सातारा ०२१६२, रत्नागिरी ०२३५२, कोल्हापूर ०२३१. हे कोड त्याला डायरी न उघडता यायचे. दृष्टिहीन बूथवाल्यांना तर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे अख्खे नंबर पाठ असत. गिऱ्हाइकाने नुसतं "गावी लाव" म्हणायचं.

आणि पीपी नंबर. घरी फोन नसलेली माणसं गावाकडे आणि नोकरीच्या अर्जावर याच बूथचा नंबर द्यायची. गावाहून फोन आला की बूथवाला रस्त्यावरच्या पोराला चाळीत पिटाळायचा, "तिसऱ्या खोलीतल्या काकांना बोलाव, दहा मिनिटांनी परत फोन येणार आहे." कुणाचं बाळंतपण, कुणाचं निधन, कुणाची मुलाखतीची तारीख, आधी त्याच्या कानावर पडायची. ज्याला शेजारीपाजारी आयुष्यभर 'बिचारा' म्हणत आले, त्याच्यावाचून आता सगळ्या चाळीचं अडत होतं. दिवसाची कमाई तर होतीच. पण या ओळखीने कित्येकांची लग्नं जमली, घरात त्यांचा शब्द ऐकला जाऊ लागला. हे श्रेय त्या योजनेला मनापासून दिलं पाहिजे.

आता आधीच्या रीतीशी ताडून बघा. सरकारने खोका दिला, फोन दिला. वाट दिली नाही. फुटपाथची पायरी फूटभर उंच, त्यावर तीनचाकी चढत नाही. जवळपास वापरता येईल असा संडास नाही, म्हणून कित्येक जण दिवसभर पाणीच कमी प्यायचे, आणि बायकांचे हाल तर विचारू नयेत. घरापासून बूथपर्यंत यायला दोन बस किंवा एक लोकल. हे रोजचं झेपेना तेव्हा काहींनी बूथ दुसऱ्याला चालवायला दिले आणि महिन्याचं भाडं घेऊ लागले. वर्तमानपत्रांतून त्यावर टीका झाली, अपंगांच्या नावावर धडधाकटांचा धंदा म्हणून. भाडं घेणाऱ्याला बूथपर्यंत पोचता का येत नव्हतं, याची चौकशी त्या मानाने फार थोड्यांनी केली.

ऑफिसांमधल्या दृष्टिहीन टेलिफोन ऑपरेटरांचीही अशीच गत. बँका आणि मोठ्या कचेऱ्यांमध्ये स्विचबोर्डवर बसणं हे अंध पदवीधरांचं हमखास काम झालं होतं. स्वयंचलित यंत्रणा आली आणि "विभागासाठी एक दाबा" असं यंत्रच सांगू लागलं.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. मिनिटाला सोळा रुपये लागत होते तोवर पिवळ्या खोक्याला धक्का नव्हता. उलट पेजरवर निरोप आला की माणसं धावत बूथवरच यायची. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, रिलायन्सने पाचशे एक रुपयांत हँडसेट हातात दिला, आणि दोन-तीन वर्षांत रात्री अकराची रांग संपली. बूथवाले मग रिचार्ज विकू लागले. कुणी झेरॉक्स मशीन ठेवलं, कुणी बिस्किटं, चॉकलेटं, थंड पेयं. पण परवाना फोनचा आणि विक्री खाऊची, त्यामुळे पालिकेची अतिक्रमणाची गाडी आली की माल उचलला जायचा. ज्याला पळता येत नाही अशा माणसाने फेरीवाल्यांसारखं सामान गुंडाळून पळावं, ही अपेक्षा किती निर्दय होती! धंदा बदलू द्या, या एवढ्या मागणीसाठी त्यांना पालिकेच्या कचेऱ्यांचे जिने चढावे लागले. फोन जाणार हे दिसत असताना या माणसांना दुसरं काही शिकवायची तजवीज कुणी केली नाही. एका पिढीला एकाच यंत्राला बांधून ठेवलं आणि यंत्र काढून घेतलं. या अध्यायातली सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो.

या सगळ्या काळात कामाच्या जागेइतकाच महत्त्वाचा ठरला तो लोकलचा डबा. मुंबईत नोकरी म्हणजे आधी गाडी. सकाळची बोरिवली फास्ट धडधाकट माणसाला जमत नाही, तिथे कुबडी घेऊन चढायचं. अपंगांसाठी राखलेला छोटा डबा आला, आणि तो नेमका कुठे थांबतो हे दृष्टिहीनांना कळावं म्हणून फलाटावर आवाज करणारी छोटी यंत्रं बसली. गर्दीच्या कल्लोळात कान देऊन ऐकलं तर तो टिकटिक आवाज आजही सापडतो. त्या आवाजाच्या दिशेने पांढरी काठी घेऊन दहा-बारा माणसं शांतपणे एका जागी येऊन उभी राहतात. एवढ्याशा यंत्राने जितक्या नोकऱ्या टिकवल्या असतील तितक्या एखाद्या मोठ्या योजनेने टिकवल्या नसतील. घुसखोरी तिथेही होतेच. सकाळी त्या डब्याच्या दारात लोंबकळणारे तरुण बघितले की संताप येतो.

हीच लोकल माणसांना अपंगही करत होती. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्टेशनात गाडी आणि फलाट यांच्यातल्या फटीत पडून एका कॉलेज तरुणीने दोन्ही हात गमावले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फलाटांची उंची वाढवण्याचं काम रेल्वेला नेटाने करावं लागलं. त्याच वर्षी ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. लिफ्ट, जमिनीवरची खडबडीत पट्टी, व्हीलचेअरची जागा, सगळं पहिल्या दिवसापासून. अंधेरीहून घाटकोपरला व्हीलचेअरवरून एकट्याने जाता येणं या शहराला तेव्हा पहिल्यांदा जमलं. स्टेशनच्या लिफ्टमधून खाली उतरल्यावर पुढे काय, ते विचारू नका.

१९२३ च्या तक्त्यात नसलेली ओळ कायद्यात उमटली ती १९९५ साली. त्या वर्षीच्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या कलम ४७ ने सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्या, आणि जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवा. सेवेत पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कलम ठामपणे लागू केलं. मरोळच्या खासगी कारखान्यातला कामगार मात्र या कलमाच्या बाहेरच राहिला.

मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रजक विरुद्ध स्टेट बँक या खटल्यात आणखी एक पाऊल टाकलं. अधिकारी म्हणून निवड झालेल्या उमेदवाराचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं होतं, आणि वैद्यकीय कारणावरून त्याला नेमणूक नाकारली गेली होती. १९९५ च्या कायद्याच्या व्याख्येत तो बसत नव्हता. तरीही भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा आधार घेऊन न्यायालयाने सांगितलं की काम करू शकणाऱ्या माणसासाठी वाजवी सोय करून देणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे. ड्रिल मशीनला लावलेला तो लोखंडी गार्ड आणि अडकण अखेर न्यायालयाच्या निकालात आली.

त्याच सुमारास अंधेरीत एक वेगळी गोष्ट चालू होती. ध्रुव लाक्रा या ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या तरुणाला मुंबईच्या बसमध्ये एक मुलगा भेटला होता. तो सारखा खिडकीबाहेर बघत होता, अस्वस्थ होता. त्याला ऐकू येत नव्हतं आणि आपला स्टॉप कधी येणार हे सांगायला कुणी नव्हतं. त्यातून उभी राहिली मिरॅकल कुरियर्स, कर्णबधिरांनी चालवलेली कुरियर कंपनी. चर्चगेट आणि अंधेरी इथून तिचं काम चाले. ऑफिसात मुली पाकिटं निवडत, नोंदी करत, आणि मुलगे ती पोचवत. काम निवडतानाच विचार झालेला होता. पाकीट पोचवायला बोलावं लागत नाही, पत्ता वाचावा लागतो. अंधेरी पूर्व ४०००६९, घाटकोपर पश्चिम ४०००८६, मुलुंड पश्चिम ४०००८०, बोरिवली पश्चिम ४०००९२, असे गठ्ठे पडत जातात. ज्या मुलांना बोलणं ऐकू येत नाही त्यांची नकाशाची आणि खुणांची जाण बऱ्याचदा पक्की असते. आणि ज्या मोबाइलने पिवळा खोका बंद पाडला, त्याच मोबाइलचा एसएमएस इथे कामाचा मुख्य आधार ठरला. पाकीट पोचलं, दार बंद आहे, पत्ता चुकला, सगळं एसएमएसवर. ऑफिसमध्ये खुणांची भाषा हीच कामाची भाषा होती, त्यामुळे ती शिकायची वेळ ऐकू येणाऱ्यांवर यायची. कंपनीला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

२०१५ मध्ये पवईत मिर्ची अँड माइम हे रेस्टॉरंट निघालं. तिथे वाढपी कर्णबधिर, आणि प्रत्येक पदार्थाची खूण मेनूकार्डावरच. गिऱ्हाईक खुणेने मागवतं, वाढपी हसून मान डोलावतो. २०१८ मध्ये जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं कॅफे अर्पण आलं, स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांनी चालवलेलं. त्याआधी त्यांचा डब्यांचा व्यवसाय होता. आपल्याकडे अशी मुलं अठरा वर्षांची झाली की खास शाळा संपते आणि आईबापांपुढे दिवस कसा काढायचा हा प्रश्न आ वासून उभा राहतो. अशा कामात एखादा पदार्थ लहान लहान पायऱ्यांत तोडून घेतात. एकाने ब्रेड मांडायचा, एकाने लोणी लावायचं, एकाने प्लेट न्यायची. पायऱ्या चित्रांत भिंतीवर. ज्याला गोंगाट सहन होत नाही त्याला आतलं काम. पुन्हा तीच पन्नासच्या दशकातली रीत, फक्त ड्रिल मशीनच्या जागी सँडविच.

ही उदाहरणं मोजकी आहेत, आणि त्यांच्याकडे बघून समाधान मानण्यात अर्थ नाही. सत्तर जणांची कुरियर कंपनी किंवा एक कॅफे म्हणजे उपनगरांतला रोजगार नव्हे. तो अजूनही मरोळ-चकाल्याच्या ऑफिसांत, गोरेगाव-मालाडच्या कॉल सेंटरांत, विक्रोळी-पवईच्या काचेच्या इमारतींत आहे. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आली, त्यातली एनव्हीडीएसारखी मोफत मिळू लागली, आणि दृष्टिहीन माणसाला हिशेब, भाषांतर, प्रोग्रॅमिंग अशी कामं खुली झाली. सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून डॉ. सॅम तारापोरवालांच्या केंद्राने या कामात आणि बँकांच्या सुविधा दृष्टिहीनांना वापरता याव्यात यासाठी मोठी धडपड केली. तरी अनेक कंपन्यांचं हजेरीचं ॲप किंवा पगारपत्रकाचं पोर्टल त्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. काम येतं, पण हजेरी लावायला शेजाऱ्याला सांगावं लागतं.

२०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनावरून चार टक्के झालं. त्याचं कलम २१ फारसं कुणाला माहीत नसतं. त्यानुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, दिव्यांगांसाठी समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं आहे आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची आहे. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्याला आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कोणती पदं दिव्यांगांना योग्य आहेत, कामाच्या जागी कोणत्या सोयी आहेत, हे त्या धोरणात लिहावं लागतं आणि या कामासाठी एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. धोरण वेबसाइटवर लावायचं, ते शक्य नसेल तर सगळ्यांना दिसेल अशा जागी. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे.

तुम्ही नोकरी करत असाल तर आपल्या ऑफिसात हे धोरण कुठे लावलंय ते विचारा, संपर्क अधिकारी कोण ते विचारा. आणि तुम्ही मालक असाल, वीस माणसांचं वर्कशॉप असो की दोन हजारांची कंपनी, तर ते लिहायला बसण्याआधी फाटकापासून कामाच्या टेबलापर्यंत एकदा व्हीलचेअर ढकलत जाऊन या.